लेसरचा कल

लेसरने पोलादी पत्रा कापण्याचं तंत्र कारखान्यांत रुळू लागलं, तेव्हा एक विचित्र दोष समोर आला. यंत्राला वर्तुळ कापायला सांगितलं की वर्तुळ कापलं जाई, पण त्याची कड चहूबाजूंनी सारखी नसे. समोरासमोरच्या दोन बाजूंना काप अरुंद आणि स्वच्छ. त्यांच्याशी काटकोनात असलेल्या दोन बाजूंना फट रुंद, खाली वितळलेल्या धातूचा बर चिकटलेला. मधल्या तिरक्या टप्प्यांवर तर कापाची भिंतच कललेली. असं काही दिसलं की कारागिराचा पहिला संशय यंत्राच्या रुळांवर जातो, मग नोझलवर, मग पत्र्यावर. इथे या तिघांचाही दोष नव्हता. दोष प्रकाशाचा होता. किंवा असं म्हणू या, की प्रकाशाला एक कल होता आणि तो कोणी विचारात घेतला नव्हता.

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत गेली कित्येक दशकं स्टीलच्या भांड्यांचं काम चालतं. ताटं, डबे, पातेली यांसाठी लागणारे गोल तुकडे, धंद्यातल्या भाषेत 'सर्कल', बहुतांशी प्रेसवर किंवा कातरीवर निघतात. ते स्वस्त पडतं. लेसर येतो तो जाळी, नक्षीचं ग्रिल, पॅनल, दुकानाच्या पाटीची अक्षरं अशा कामाला, आणि भांड्यावर शिक्का किंवा नाव उमटवायला. एकेका गाळ्यात हे यंत्र असतं, जॉबवर्क घेतलं जातं, मिनिटावर किंवा मीटरवर भाव ठरतो. त्या यंत्रातून निघणाऱ्या किरणाच्या कलाचा हा मागोवा आहे. तो साडेतीनशे वर्षं मागे जातो, आणि वाटेत मीठ, ऊस आणि सह्याद्रीचा काळा दगड लागतो.

आधी कल म्हणजे काय ते पाहू. प्रकाश ही लाट आहे आणि तिचं कंपन पुढे जाण्याच्या दिशेशी आडवं असतं. दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रकाशात ही कंपनं सगळ्या आडव्या दिशांना सरमिसळ होतात. एकच दिशा ठळक नसते. काही कारणाने कंपन एका दिशेत बांधलं गेलं, तर त्या प्रकाशाचं ध्रुवीकरण झालं असं आपण म्हणतो. डोळ्याला यातला फरक जवळपास कळत नाही. पोलादाला कळतो. लेसरचा झोत पत्र्यात शिरतो तेव्हा समोरची वितळती भिंत जवळजवळ उभी असते आणि किरण तिला घासत खाली उतरतो. कंपन भिंतीच्या रोखाने असेल तर धातू ऊर्जा शोषतो. भिंतीच्या समांतर असेल तर बरीचशी परतवून लावतो. म्हणून कापण्याची दिशा आणि कंपनाची दिशा जुळली की काप झरझर जातो आणि काटकोनात आली की रखडतो. वर्तुळात दिशा सतत बदलत असते, त्यामुळे एकाच वर्तुळात दोन्ही अनुभव येतात.

या कलाच्या वंशावळीला दोन शाखा आहेत. एक दगडातून निघाली, दुसरी काचेवरच्या परावर्तनातून. शास्त्राच्या पुस्तकांत त्या एकाच प्रकरणात सलग दिल्या जातात आणि त्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते: लेसरने आपला कल दुसऱ्या शाखेकडून घेतला, पहिलीकडून नाही. पहिली शाखा त्याच्या आयुष्यात आली ती फार उशिरा आणि वेगळ्याच कामासाठी.

दगडापासून सुरुवात करू. १६६९ मध्ये कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलँडहून आलेल्या एका पारदर्शक स्फटिकावर पुस्तिका लिहिली. स्फटिक अक्षरांवर ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसे, आणि स्फटिक फिरवला की एक प्रतिमा जागेवर राही व दुसरी तिच्याभोवती फिरे. हा स्फटिक म्हणजे कॅल्साइट, चुनखडीचाच शुद्ध आणि नितळ भाऊबंद. आत शिरलेला किरण तो दोन वाटांनी नेतो. एका वाटेवर स्फटिकाचा अपवर्तनांक १.६५८, दुसऱ्या वाटेवर तो १.४८६ पर्यंत उतरतो. पुढे हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्स यांनी एकावर एक असे दोन स्फटिक ठेवले आणि १६९० च्या ग्रंथात त्याचं वर्णन दिलं. पहिल्यातून निघालेला किरण दुसऱ्यात कधी फुटे, कधी फुटतच नसे. सगळं दुसरा स्फटिक कसा वळवला आहे यावर. म्हणजे पहिल्यातून बाहेर पडताना प्रकाशाने काहीतरी दिशा सोबत आणली होती. हायगेन्स यांनी हे नोंदवलं आणि याचं कारण आपल्याला सापडलेलं नाही हेही सरळ लिहून टाकलं. न्यूटन यांनी पुढे किरणाला 'बाजू' असतात असं सुचवलं. कल्पना अचूक होती. पण प्रकाश म्हणजे कण अशी त्यांची धारणा असल्यामुळे ती तिथेच अडली, आणि पुढची शंभर वर्षं विषय जवळपास पडून राहिला.

आइसलँडचं नाव या स्फटिकाला चिकटलं ते तिथल्या हेल्गुस्ताधिर इथल्या खाणीमुळे. ती खाण बेसॉल्टमध्ये होती. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पोकळ्या राहतात, आणि नंतर झिरपणाऱ्या खनिजयुक्त पाण्यातून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढतात. हे वर्णन महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळखीचं वाटायला हवं, कारण आपला अर्धाअधिक मुलूख त्याच दगडावर उभा आहे. दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आइसलँडचा त्यापुढे कालचा पोर. आपल्याही पोकळ्यांत झिओलाइट, अपोफिलाइट आणि कॅल्साइट मुबलक आहेत. भाईंदरहून चर्चगेटच्या गाडीत बसलं की मीरा रोड, दहिसर, बोरिवली मागे टाकून कांदिवली येतं. त्या कांदिवलीच्या जुन्या दगडखाणीतले प्रिहनाइट, लॉमोंटाइट आणि कॅल्साइटचे नमुने जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात तर नाशिक-जळगाव-पुण्याकडच्या विहिरी आणि खाणींतून निघालेल्या स्फटिकांचा खजिनाच मांडलेला आहे. आपल्याकडे शतकानुशतकं विहिरी खणल्या गेल्या आणि चकाकणारे दगड बांधावर फेकले गेले. त्यातून एखादं अक्षर दोनदा पाहण्याची कोणाला इच्छा झाली असेल तर तिची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही.

आता दुसरी शाखा. ती एका खिडकीत जन्मली. एत्येन-लुई मालुस हा फ्रेंच सैन्यातला अभियंता, नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतून प्रकृती खालावूनच परतलेला. १८०८ च्या सुरुवातीला पॅरिसच्या अकादमीने कॅल्साइटच्या दुहेरी अपवर्तनाच्या सिद्धान्तासाठी पारितोषिक जाहीर केलं आणि मालुस कामाला लागला. त्याच वर्षी एका संध्याकाळी तो आपल्या घरातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य कॅल्साइटमधून बघत होता. सूर्याच्या दोन प्रतिमा दिसायला हव्यात. स्फटिक फिरवताना त्यांतली एक जवळपास विझली, आणखी फिरवला तशी ती उजळली आणि दुसरी मंदावली. त्याच रात्री त्याने मेणबत्तीचा प्रकाश पाण्यावरून आणि काचेवरून परावर्तित करून तेच पाहिलं. प्रकाशाला दिशा देण्यासाठी आइसलँडच्या दुर्मीळ दगडाची गरज नव्हती. साध्या काचेवरून योग्य कोनात उसळी मारली तरी पुरे. 'ध्रुवीकरण' हे नाव त्यानेच १८११ मध्ये दिलं. पुढच्या वर्षी, छत्तिसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला.

तो योग्य कोन कोणता, हे स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये नेमकं सांगितलं. कोनाची स्पर्शज्या पदार्थाच्या अपवर्तनांकाएवढी असली की परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो. पाण्यासाठी सुमारे ५३ अंश, साध्या काचेसाठी ५६. ब्रूस्टर म्हणजे हात लावेल त्याचं अपवर्तन मोजणारा माणूस. कॅलिडोस्कोप त्यांचाच. भारतातून आलेलं वंशलोचनसुद्धा त्यांनी सोडलं नाही. बांबूच्या पेरात साचणारा तो सिलिकाचा खडा घन पदार्थांत अत्यंत कमी अपवर्तन करतो, असा निबंध त्यांनी १८१९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. आयुर्वेदाच्या दुकानातला खोकल्यावरचा खडा लंडनच्या सभेत प्रकाशशास्त्राचा नमुना म्हणून पोहोचला, हे मला त्यांच्या नियमाइतकंच आवडतं.

ब्रूस्टर यांच्या नियमाची दुसरी बाजू लेसरसाठी कामाची ठरणार होती. त्या कोनात काचेवर पडलेल्या प्रकाशातलं एका दिशेचं कंपन परावर्तितच होत नाही. ते काचेतून सगळंच्या सगळं पार जातं. दुसऱ्या दिशेचं कंपन मात्र दर पृष्ठभागावर सुमारे १५ टक्के उधळलं जातं. पूर्ण पार आणि १५ टक्के तोटा, एवढाच भेद. एकदा काच ओलांडली तर तो नगण्य आहे. हजारदा ओलांडली तर तो सर्वस्व आहे. १८१५ मध्ये प्रकाशाला एकाच काचेतून हजारदा न्यायचं कारण कोणाकडे नव्हतं.

मधल्या काळात दगडाची शाखा फोफावली. ऑगस्टिन फ्रेनेल यांनी १८२१ च्या सुमारास कंपन आडवं असतं हे पटवून दिलं, आणि दोन आडवी कंपनं पाव लाटेने मागेपुढे केली तर कंपनाचं टोक गोल फिरू लागतं हेही दाखवलं. हे 'वर्तुळाकार ध्रुवीकरण' लक्षात ठेवा, भाईंदरला जाताना लागेल. एडिनबराच्या विल्यम निकोल यांनी १८२८ मध्ये कॅल्साइटचा तुकडा तिरका कापून, कॅनडा बाल्सम लावून पुन्हा चिकटवला आणि दोनपैकी एकच किरण बाहेर सोडणारा लोलक बनवला. जाँ-बातिस्त बियो यांनी त्याआधीच पाहिलं होतं की साखरेचं पाणी ध्रुवित प्रकाशाची कंपनदिशा फिरवतं, आणि जितकी साखर जास्त तितका फिरण्याचा कोन जास्त. निकोलचे दोन लोलक आणि त्यांच्यामध्ये साखरेच्या पाण्याची नळी: झाला पोलरीमीटर.

या यंत्राने महाराष्ट्राच्या अर्थकारणात जी जागा मिळवली, ती लेसरलाही मिळालेली नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत 'पोल' हा शब्द 'ब्रिक्स'इतकाच रोजचा आहे. रसातले एकूण विरघळलेले पदार्थ म्हणजे ब्रिक्स. त्यात खरी साखर किती, हे प्रकाशाच्या कलाला विचारायचं. नमुना २६ ग्रॅम, पाणी घालून १०० मिलिलिटर, नळी २० सेंटिमीटरची. ही मापं अशी बेतली आहेत की शुद्ध साखर असेल तर यंत्राचा काटा बरोबर १०० दाखवतो. नमुन्याने ९७ दाखवलं तर पोल ९७. ऊस, रस, मळी, चोथा, सगळ्यांचा पोल काढला जातो आणि साखर कुठे निसटते याचा हिशोब लागतो. उसाचा दर साखर उताऱ्याशी बांधलेला आहे. २०२२-२३ च्या हंगामापासून त्यासाठी पायाभूत उतारा १०.२५ टक्के धरला जातो. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पैशाच्या हिशोबात कुठेतरी बियोंचा कोन असतो. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर हे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. बारामतीचं नाव मुद्दाम घेतलं. लेसरची गोष्ट तिथूनही जाते.

तिकडे जाण्याआधी कलकत्त्याला एक थांबा. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरींवर प्रयोग करत होते आणि त्यांनाही ध्रुवीकरण करणारं साधन हवं होतं. त्यांना आढळलं की जाड बांधलेलं पुस्तक ते काम करतं, आणि पानांमध्ये कथलाचा वर्ख घातला तर आणखी छान. पुस्तक होतं ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक. पुढे साखरेच्या रेणूंनी कंपन फिरवण्याची नक्कल त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या गड्ड्यांनी करून दाखवली. या दोन वस्तूंपुढे युरोपातले लोलक मला तरी फिके वाटतात. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ध्रुवीकरणाच्या अवस्था बदलत फेरी मारून प्रकाश मूळ अवस्थेत परतला तरी लाटेत एक फरक उरतो हे सिद्ध केलं. त्याचं मोल जगाला कळायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. एडविन लँड यांनी १९२९ मध्ये पोलरॉइडचा पापुद्रा बनवला आणि त्याचाच वंशज आज एलसीडी पडद्यांवर आहे. पण लेसरच्या जन्माशी यांतल्या कशाचाच संबंध नाही, म्हणून पुढे जाऊ.

१९६० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत अली जावान आणि सहकाऱ्यांनी हेलियम-निऑनचा पहिला वायू-लेसर पेटवला. नळीच्या दोन टोकांना आरसे, मध्ये वायू. प्रकाश आरशांमध्ये येरझारा घालतो आणि दर फेरीत थोडा वाढतो. ही वाढ फार तुटपुंजी, फेरीला एखाददोन टक्के. पहिल्या रचनेत आरसे नळीच्या आतच होते आणि त्यांची मांडणी साधणं जिकिरीचं होतं. १९६२ मध्ये त्याच प्रयोगशाळेत आरसे बाहेर काढले गेले. पण मग नळीची टोकं काचेने बंद करावी लागणार, आणि काच म्हटली की दर पृष्ठभागावर काही टक्के परावर्तन, म्हणजे तोटा. फेरीची कमाई दोन टक्के आणि टोलच त्याहून जास्त, असा धंदा चालणार कसा? उपाय दीडशे वर्षं पुस्तकात पडून होता. खिडकी ब्रूस्टरच्या कोनात तिरकी लावायची. एका दिशेच्या कंपनाला टोल शून्य. दुसऱ्याला इतका जबर की ते कधी पेटूच शकत नाही. त्यामुळे लेसर निघाला तो एकाच दिशेच्या कंपनाचा, जवळपास पूर्ण ध्रुवित. ध्रुवीकरण करावं असा हेतू तिथे मुळात नव्हताच. तोटा वाचवताना ते पदरात पडलं.

बेल प्रयोगशाळेत १९६१ मध्ये एक तरुण रुजू झाला होता: चंद्रकुमार नारणभाई पटेल, जगाला सी. कुमार एन. पटेल म्हणून माहीत. जन्म बारामतीचा, २ जुलै १९३८. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी, मग स्टॅनफर्डला डॉक्टरेट. अणूंच्या ऊर्जापातळ्यांवर चालणाऱ्या लेसरांपेक्षा रेणूच्या थरथरीतून जास्त काम काढता येईल हे त्यांनी हेरलं, आणि १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेसर जाहीर केला. त्यात नायट्रोजन मिसळला की शक्ती कैक पटींनी वाढते हेही त्यांनीच दाखवलं. हेलियम-निऑनचा लेसर मिलिवॅटमध्ये मोजायचा. हा वॅटवरून किलोवॅटवर गेला. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये या लेसरच्या झोताला प्राणवायूची जोड देऊन पोलादी पत्रा कापला गेला, आणि आजच्या लेसर कटिंगच्या धंद्याचा पाया पडला. पटेल यांना १९९६ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. बारामती म्हटल्यावर महाराष्ट्राला जी नावं आठवतात त्यांत हे नाव नसतं. माझ्या मते ते पहिल्या ओळीत असायला हवं.

आता मीठ. कार्बन डायऑक्साइड लेसरचा प्रकाश अवरक्त आहे, लांबी १०.६ मायक्रोमीटर. साधी काच त्याला पारदर्शक नाही. त्याच्यापुढे ती भिंत आहे. मग नळीच्या टोकाला खिडकी कशाची लावायची? सुरुवातीच्या अनेक लेसरांत ती मिठाची असे. सोडियम क्लोराइडचा एकसंध, तासून चकचकीत केलेला स्फटिक या प्रकाशाला मोकळी वाट देतो. या लांबीला मिठाचा अपवर्तनांक सुमारे १.४९, म्हणून ब्रूस्टरचा कोन इथेही ५६ अंश, काचेसारखाच. मिठाची ही खिडकी तिरकी लावली की लेसर ध्रुवित.

भाईंदर खाडीकाठच्या मिठागरांतलं खडेमीठ या कामाला चालत नाही. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, चिखल असतो, आणि एकेक खडा अनेक स्फटिकांची मोळी असतो. खिडकीचं मीठ वितळवून, सावकाश गार करून, एकसंध वाढवावं लागतं. पण स्फटिकाची मांडणी तीच, घनाकृती, तिन्ही दिशांना सारखी. आणि या वंशावळीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे. मीठ प्रकाशात कसलाही भेद करत नाही. मिठाचा खडा अक्षरावर ठेवा, अक्षर एकच दिसेल. ओलांडून ठेवलेल्या दोन पोलरॉइडमध्ये धरा, अंधार तसाच राहील. कॅल्साइटला दिशा जन्मजात आहे, मिठाला ती नाहीच. लेसरला कल दिला तो मिठाच्या अंगच्या गुणाने नव्हे, ते तिरकं बसवल्याने. मालुसच्या खिडकीचंच हे काम.

मिठाच्या खिडकीचा वैरी म्हणजे दमट हवा. ओल धरली की तिच्यावर धुकं येई, मग ती पुन्हा घासावी लागे. मिठागरावर पावसाळ्यात मिठाच्या राशीचं काय होतं हे भाईंदरच्या आगरी घरांतून कोणालाही विचारा. झिंक सेलेनाइड हाताशी आल्यावर मीठ मागे पडलं. त्याचा अपवर्तनांक २.४, म्हणून तिरकस कोन ६७ अंशांचा.

कारखान्यातल्या मोठ्या यंत्रांत तर खिडकीच राहिली नाही. जास्त शक्तीसाठी नळी लांब हवी; लांब नळी गाळ्यात मावत नाही; म्हणून ती आरशांनी दुमडली गेली. दुमडीच्या आरशावर किरण तिरका पडतो आणि दोन दिशांच्या कंपनांपैकी एक किंचित जास्त परततं. हजार फेऱ्यांत तेवढं किंचितपण पुरतं. त्यामुळे खिडकी गेली तरी कल राहिला. आपण ज्याला लेसरचा स्वभाव म्हणतो, तो असा रचनेतून येतो. वायूला स्वतःची दिशा काही नसते. अर्धवाहक लेसरची गोष्टही याच वळणाची: पॉइंटरमधल्या चिमुकल्या चकतीत प्रकाश एका पातळ थरात कोंबलेला असतो आणि कंपन सहसा त्या थराला समांतर राहतं.

तर वर्तुळाचं कोडं इथून आलं. १९८० च्या सुमारास डेन्मार्कच्या संशोधकांनी कापाची गुणवत्ता कंपनाच्या दिशेवर अवलंबून असते हे पद्धतशीर दाखवलं. उपाय फ्रेनेल यांच्या वहीत होता. किरणाच्या वाटेत ४५ अंशांवर एक खास आरसा बसवायचा. त्यावर असे थर दिलेले असतात की एका दिशेचं कंपन दुसऱ्यापेक्षा पाव लाट मागे पडतं. आत जाताना कंपन सरळ रेषेतलं, बाहेर येताना गोल फिरणारं. फिरणाऱ्या कंपनाला आवडती दिशा नाही; ते उत्तरेकडे जितकं कापेल तितकंच पूर्वेकडे. वर्तुळाची कड सगळीकडे सारखी झाली. तांबूस-निळसर झाक असलेला हा आरसा जुन्या यंत्रात अजून दिसतो. तो चुकून साध्या आरशाने बदलला किंवा त्याचा कोन हलला तर जुना दोष हजर. जुनं यंत्र सांभाळणाऱ्याने वर्तुळ बिघडलं की नोझलच्या आधी हा आरसा तपासावा.

आज नव्या गाळ्यात पत्रा कापणारं यंत्र बहुधा फायबर लेसरचं असतं. काचेच्या बारीक तंतूत इटर्बियम, प्रकाश १.०७ मायक्रोमीटरच्या आसपास. त्यात ना तिरकी खिडकी, ना दुमडीचे आरसे, म्हणून कल देणारंही कोणी नाही. तंतू वळतो, तापतो, ताणला जातो आणि कंपनाची दिशा वाटेत भरकटत राहते. उद्योगातले बहुतेक ताकदवान फायबर लेसर असे सरमिसळ कंपनाचे असतात. दोनशे वर्षांची दुसरी शाखा इथे थांबते. वर्तुळ आपोआप नीट निघतं, आणि ते तसं का निघतं हे चालकाला माहीत असण्याची गरजही उरलेली नाही.

पण नेमक्या याच यंत्रात पहिली शाखा परतली. भांड्यावर नाव घालण्याची आपली जुनी रीत. रुखवताचे डबे, वाढदिवसाची वाटी, कोणाच्या स्मरणार्थ देवळाला दिलेली घागर, सगळ्यांवर नाव हवं. पूर्वी दुकानातला माणूस टिकटिकणाऱ्या सुईने ठिपक्याठिपक्यांची अक्षरं काढायचा, अजूनही काढतो. कारखान्यात शिक्का आणि आकडे आता फायबर लेसर उमटवतो. अडचण अशी की पॉलिश केलेलं स्टील म्हणजे आरसाच. झोताचा काही भाग तिथून उलटा फिरून आल्या वाटेने तंतूत शिरला तर लेसर स्वतःच्याच प्रकाशाने जळू शकतो. म्हणून झोत जिथून बाहेर पडतो त्या जाडजूड नळकांड्यात, विशेषतः स्पंदांवर चालणाऱ्या मार्किंगच्या यंत्रात, एक एकेरी दरवाजा बसवलेला असतो.

तो दरवाजा मायकेल फॅरडे यांच्या १८४५ च्या शोधावर चालतो. चुंबकक्षेत्रातल्या काचेतून जाताना ध्रुवित प्रकाशाचं कंपन वळतं, आणि गंमत म्हणजे प्रकाश पुढे जावो की मागे येवो, ते एकाच बाजूला वळतं. साखरेचं पाणी असं करत नाही. परतीच्या वाटेवर ते आपलं वळण उलगडून टाकतं. चुंबकाजवळचा स्फटिक जाताना ४५ अंश वळवतो, येताना आणखी ४५. परतलेला प्रकाश ९० अंशांनी फिरलेला असतो आणि त्यावरून तो ओळखू येतो. पण फायबर लेसरच्या प्रकाशाला तर कलच नाही, मग वळवायचं काय? तिथे बार्थोलिनचा दगड कामाला येतो. कॅल्साइट किंवा तेच काम करणारा इट्रियम व्हॅनडेटचा स्फटिक दारातच किरणाचे दोन भाग करतो, प्रत्येकाला स्वतःचा कल. दोघे वळवले जातात, पुढच्या स्फटिकात पुन्हा एक होतात आणि भांड्यावर पडतात. परतीच्या प्रवासात त्यांचं वळण जुळत नाही. स्फटिक त्यांना एकत्र आणण्याऐवजी आणखी दूर सारतो आणि ते तंतूच्या तोंडाला चुकतात. एका अक्षराची दोन अक्षरं करणारा तो जुना गुण इथे लेसरचा जीव वाचवतो.

राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात मालुस आणि ब्रूस्टर दोघेही आहेत. त्यांच्यावर गुणही आहेत. मीरा-भाईंदरच्या शिक्षकांना एक सुचवावंसं वाटतं. कॅल्साइटचा नितळ तुकडा ऑनलाइन फार महाग मिळत नाही. तो, खडेमिठाचा एक साफ खडा आणि जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचा पोलरॉइडचा पापुद्रा, एवढ्यावर दोन्ही शाखा वर्गात दाखवता येतात. मग मुलांना एकदा गाळ्यात न्या आणि पत्रा कापताना दाखवा, झाकण बंद असलेल्या यंत्रातूनच. फायबर लेसरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. त्याच्यासमोर पोलरॉइडचा गॉगल काही कामाचा नाही; त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा लागतो.